‘माझ्याकडे तर चालतंय!’

हे तीन शब्द ऐकावे लागले नाहीत असा प्रोग्रामर मला अजून भेटायचा आहे. एकानं लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या संगणकावर आपटतो. दुसरा बिचारा पहिल्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहतो. पहिला मानही वर न करता म्हणतो, “माझ्याकडे तर चालतंय!” आणि विषय संपतो. म्हणजे त्याच्यापुरता संपतो, दुसऱ्याचा तिथून पुढे सुरू होतो. माझं स्पष्ट मत आहे की हे उत्तर नाही, ही पळवाट आहे, आणि आपल्या धंद्यात ती इतकी रुळलीय की तिची लाज वाटणंही बंद झालंय. बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं, आज लिहूनच टाकतो.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निम्मे याच धंद्यातले आणि उरलेले निम्मे आमचे नातेवाईक. धंद्यातल्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील. काका, आत्या, मावशी वगैरे मंडळींनी मात्र वाचावेत, म्हणजे ‘हा दिवसभर त्या डबड्यासमोर बसून करतो तरी काय’ याचं थोडंफार उत्तर मिळेल. :-)

तर पायथन, रुबी, पर्ल, पीएचपी, जावास्क्रिप्ट अशा ज्या भाषा आहेत, त्यांतला प्रोग्रॅम म्हणजे नुसता मजकूर असतो. साध्या एडिटरमध्ये उघडून वाचता येईल असा. संगणकाला तो थेट कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो, त्याचं नाव इंटरप्रिटर. तो मजकूर वाचतो आणि त्याबरहुकूम संगणकाकडून काम करून घेतो. गोम अशी आहे की हा दुभाषाही एक प्रोग्रॅमच, आणि त्याच्याही नव्या नव्या आवृत्त्या निघतात. नव्या आवृत्तीला चार नवे शब्द कळतात, काही जुने शब्द ती विसरलेली असते, आणि काही शब्दांचा अर्थ तिनं चक्क बदललेला असतो. मजकूर तोच, पण माझ्याकडचा दुभाषा त्याचा एक अर्थ लावतो आणि तुमच्याकडचा दुसरा.

आपल्याकडे याला चपखल उदाहरण आहे ते पंचांगाचं. बऱ्याच घरांत दाते पंचांग असतं, कोकणात काही घरांत टिळक पंचांग पाळतात. आकाश एकच, पण गणिताची सुरुवात वेगळी धरलेली. त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा येतो आणि एका घरचे गणपती दुसऱ्या घरच्यापेक्षा महिनाभर आधी बसतात. यात बरोबर कोण, हा वाद मला इथे घालायचा नाही. माझा मुद्दा एवढाच की टिळक पंचांग पाळणारं घर ते उघड सांगतं, पाहुण्यांना आधी कळवतं, आणि एका घरात एकच पंचांग असतं. थोरल्याचं दाते, धाकट्याचं टिळक, आणि मूर्ती कधी आणायची ते आदल्या रात्री बघू, असं कुणी करत नाही. आमच्या धंद्यात मात्र एकाच टीममध्ये, एकाच प्रोजेक्टवर, नेमकं हेच चाललेलं असतं. आणि वर त्याला ‘ज्याचं त्याचं स्वातंत्र्य’ असं गोंडस नाव असतं!

स्वातंत्र्य कसलं? बहुतेकांनी आपली आवृत्ती निवडलेलीच नसते. ती संगणकाबरोबर घरात आलेली असते. उबुंटूचंच घ्या. २०.०४ बरोबर पायथन ३.८ यायचा, २२.०४ बरोबर ३.१० आला, २४.०४ बरोबर ३.१२. तीन मित्र, तीन लॅपटॉप, तिघांनी फक्त आपापल्या सवडीनं उबुंटू टाकलं, आणि कुणी काहीही न ठरवता एका प्रोजेक्टचे तीन दुभाषे झाले. मॅकवाल्यांनीही फार हसू नये. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे संपला, तरी ॲपलनं तो आपल्या संगणकांतून काढला मार्च २०२२ मध्ये, मॅकओएस १२.३ च्या वेळी. म्हणजे मधली दोन वर्षं लोक टर्मिनलमध्ये ‘पायथन’ असं टाइप करत होते आणि मेलेला दुभाषा उत्तर देत होता.

(जाता जाता नातेवाईकांसाठी: ३.१० हे ३.९ च्या नंतरचं आहे. हा दशांश अपूर्णांक नव्हे, ‘तीनमधला दहावा’ असं वाचायचं. हसू नका, हा घोळ यंत्रांचाही होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आला तेव्हा कित्येकांच्या यॅमल फाइलींमध्ये तो अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला होता. यॅमलनं त्याला संख्या समजून शेवटचं शून्य गाळलं आणि टेस्ट चालवणारं यंत्र ३.१ शोधत बसलं.)

आता कुणी म्हणेल, एवढं काय बिघडलं? नाही चालला प्रोग्रॅम तर एरर येईल, मग बघू. एरर आली तर मी देवापुढे साखर ठेवीन! एरर हा प्रामाणिक प्राणी आहे, तो ओरडून सांगतो की इथे गडबड आहे. माझी भीती वेगळीच आहे. दोन दुभाषे दोन उत्तरं देतात आणि दोघंही तोंडातून ब्र काढत नाहीत, तिची.

पायथन २ ला सात भागिले दोन किती असं विचारलं तर तो म्हणायचा ३. पायथन ३ म्हणतो ३.५. अडीचचा पूर्णांक करायला सांगा. पायथन २ चं उत्तर ३, पायथन ३ चं उत्तर २, कारण बरोबर मध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यायची असा नियम त्यानं स्वीकारला. दोन्ही नियमांना आपापली कारणं आहेत. पण भिशीचा हिशोब करणारा एकच प्रोग्रॅम दोन संगणकांवर दोन आकडे देतो, एररचं नाव नाही, तेव्हा पैसे कुणाचे गेले?

आणि मराठी माणसानं तर हे विशेष मनावर घ्यावं. पायथन २ च्या साध्या स्ट्रिंगमध्ये, यूटीएफ-८ मध्ये, ‘मराठी’ हा शब्द ठेवून त्याची लांबी विचारली तर उत्तर यायचं १५. पायथन ३ सांगतो ५. पहिला बाइट मोजायचा, दुसरा युनिकोडची चिन्हं मोजतो (म, र, काना, ठ, वेलांटी, झाली पाच). आता पावतीवर नाव वीस अक्षरांत बसवायचं म्हणून कुणी ‘पहिले वीस’ कापून घेणारी ओळ लिहिली असेल, तर एका संगणकावर नाव नीट छापलं जाणार आणि दुसऱ्यावर सातव्या चिन्हाच्या मधोमध सुरी फिरून पुढे चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह. इंग्रजी नावांवर तपासलंत तर दोन्हीकडे सगळं छान दिसेल. ज्यांनी कधीकाळी शिवाजी नाहीतर कृतिदेव फॉन्टातली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहिलीय, त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. तेव्हाही उत्तर हेच असायचं, ‘माझ्याकडे तर दिसतंय’!

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ‘अहो, पायथन २ मेला की! जुनी मढी कशाला उकरता?’

मान्य, मेला. पण त्याला मरायला किती वेळ लागला ते बघा. पायथन ३.० आला डिसेंबर २००८ मध्ये. २.७ ची मुदत आधी २०१५ होती, ती २०२० पर्यंत वाढवावी लागली. म्हणजे अकरा वर्षं दोन दुभाषे एका घरात नांदत होते. आणि आता सगळं एका आवृत्तीच्या छपराखाली सुरळीत आहे म्हणावं तर तसंही नाही. जून २०१८ मध्ये ३.७ आला, त्यात ‘असिंक’ हा शब्द भाषेनं स्वतःसाठी राखून ठेवला. सेलरी नावाच्या चांगल्या वापरातल्या लायब्ररीत त्याच नावाचं मॉड्यूल होतं, ती नव्या आवृत्तीवर अडली आणि त्यांना नाव बदलावं लागलं. डिक्शनरीत घातलेल्या गोष्टी घातलेल्या क्रमानंच बाहेर येतील याची हमी ३.७ पासून आहे. ३.५ वर तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला तर क्रम दोन वेळा वेगळा येऊ शकायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३.१२ आला आणि त्यातून ‘डिस्टयुटिल्स’ हे जुनं मॉड्यूल काढून टाकलं गेलं. तसं होणार हे दोन वर्षं आधी सांगितलेलं होतं, पण इशारे वाचतो कोण? आणि ३.९ पासून तर वेळापत्रकच ठरलंय, दर ऑक्टोबरात एक नवी आवृत्ती. दिवाळी अंकासारखी!

बाकीच्या भाषांनीही कॉलर ताठ करू नये. पर्ल ५.१८ नं २०१३ मध्ये हॅशचा क्रम आणखी बेभरवशाचा केला आणि क्रमावर विसंबलेल्या टेस्ट धडाधड पडल्या. पीएचपी ७ नं २०१५ मध्ये जुनी मायएसक्यूएलची फंक्शनं काढूनच टाकली. नोड १७ मध्ये ओपनएसएसएल बदललं आणि वेबपॅक ४ वापरणारे प्रोजेक्ट एका न कळणाऱ्या एररवर अडकले. दोष भाषांचा नाही. जिवंत भाषा बदलणारच. प्रश्न आपल्या टीमनं काय ठरवलं, हा आहे.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. ‘चांगला कोड सगळ्या आवृत्त्यांवर चालला पाहिजे. एका आवृत्तीला बांधून घेणं हे आळशीपणाचं लक्षण.’ हे म्हणणारे लोक बहुधा लायब्ररी लिहिणारे असतात आणि त्यांच्यापुरतं ते अगदी खरं आहे. हजारो अनोळखी लोक जी लायब्ररी वापरणार, तिनं पाच आवृत्त्यांवर चालावं आणि पाचही आवृत्त्यांवर तपासलेलं असावं. पण तुम्ही लिहिताय एका पतसंस्थेचा हिशोब. तो एका सर्व्हरवर, एका आवृत्तीवर चालणार आहे. तो पाच आवृत्त्यांवर चालेल अशी कसरत कुणासाठी? बरं, ‘सगळीकडे चालतो’ असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो. सगळीकडे तपासलंत का? बहुतेक वेळा नाही. म्हणजे ‘सगळीकडे चालतो’ याचा अर्थ ‘माझ्याकडे चालतो, बाकी रामभरोसे’ एवढाच होतो.

तिसरा आक्षेप, ‘रीडमी फाइलमध्ये लिहिलंय की!’ काय लिहिलंय? ‘पायथन ३ लागेल.’ हे म्हणजे पाहुण्याला पत्ता देताना ‘पुण्यात या’ असं सांगण्यापैकी झालं. शिवाय रीडमी ही सोसायटीच्या सूचनाफलकासारखी चीज आहे. लावणारा लावतो, वाचणारा वाचत नाही, आणि वर्षभरानं मजकूर खोटा झाला तरी कागद तिथेच असतो.

चौथा आक्षेप, ‘आम्ही डॉकर वापरतो, आम्हाला हा त्रास नाही.’ डॉकर २०१३ पासून आहे आणि उत्तम चीज आहे. पण डॉकरफाइलमध्ये नुसतं ‘पायथन:३’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ दर ऑक्टोबरनंतर बदलतो. तुम्ही गेल्या वर्षी बांधलेली इमेज आणि नव्या माणसानं काल बांधलेली इमेज यांत दोन वेगळे दुभाषे बसलेले असू शकतात, तेही एकाच फाइलमधून. आणि टीममधले निम्मे लोक कंटेनरच्या बाहेर, आपल्या एडिटरमध्ये, संगणकाबरोबर आलेल्या पायथनवरच टेस्ट चालवत असतात ते वेगळंच. डब्याला कुलूप लावलं पण आत काय भरलं ते ठरवलंच नाही, अशी गत.

मग करायचं काय? नुसत्या तक्रारी करणाऱ्यांचा मला राग येतो, तेव्हा मीही सांगतो.

आवृत्ती प्रोजेक्टनं ठरवायची, माणसानं नाही. ती पूर्ण लिहायची, ‘३’ नाही, ‘३.१२’ आणि पुढचा आकडाही. लिहायची कुठे, तर कोडच्या शेजारी, त्याच रेपॉझिटरीत, यंत्राला वाचता येईल अशा फाइलमध्ये. पायथनसाठी डॉट-पायथन-व्हर्जन, रुबीसाठी डॉट-रुबी-व्हर्जन, नोडसाठी डॉट-एनव्हीएमआरसी. ही एका ओळीची फाइल असते हो! पायएन्व्ह, आरबीएन्व्ह, एनव्हीएम, एएसडीएफ ही हत्यारं वर्षानुवर्षं फुकट मिळताहेत. २०२४ मध्ये आलेलं यूव्ही तर ती फाइल वाचून हवा तो पायथन स्वतःच उतरवून घेतं. सर्व्हरवर तीच आवृत्ती, टेस्ट चालवणाऱ्या यंत्रावर तीच, आणि सगळ्यांच्या लॅपटॉपवर तीच.

आणि चुकीची आवृत्ती असेल तर प्रोग्रॅमनं चालायलाच नकार द्यायचा. पर्लमध्ये ही सोय फार जुनी आहे. फाइलीच्या डोक्यावर ‘यूज’ लिहून पुढे किमान आवृत्ती घातली की त्याहून जुना दुभाषा पुढची ओळ वाचतच नाही. पायथनच्या पॅकेजमध्ये ‘रिक्वायर्स-पायथन’ असं लिहिता येतं आणि २०१६ च्या पिप ९ पासून पिप ते पाळतो. नोडच्या पॅकेज फाइलमध्ये ‘इंजिन्स’ लिहिता येतं, पण एनपीएम आपणहून नुसती कुरकुर करून पुढे जातो, त्याला ‘इंजिन-स्ट्रिक्ट’ असं दटावून सांगावं लागतं. दटावा की मग!

तिसरी गोष्ट, संगणकाबरोबर आलेल्या पायथनला हात लावायचा नाही. तो तुमच्यासाठी नाहीच, तो संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी आहे. सेंटओएस ६ च्या काळात सॉफ्टवेअर टाकणारं ‘यम’ हे हत्यारच पायथन २.६ वर चालायचं. उत्साही मंडळी त्या जागी २.७ बसवायची आणि मग यम बंद. म्हणजे नवीन काही टाकायचं तर यम हवं, आणि यम दुरुस्त करायला... असो. डेबियननं २०२३ मध्ये बारावी आवृत्ती आणली तेव्हा पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये ढवळाढवळ करू देणंच थांबवलं. लोकांनी आरडाओरडा केला. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

आणि शेवटचं म्हणजे आवृत्ती बदलायचीच नाही असं नव्हे. बदलायचीच, नाहीतर एक दिवस मेलेल्या दुभाष्याच्या उशाशी बसावं लागतं. पण सगळ्यांनी मिळून, एका दिवशी, त्या एका ओळीच्या फाइलमध्ये बदल करून, टेस्ट चालवून. कुणा एकाच्या लॅपटॉपवर रात्री अपडेट आला म्हणून नाही.

एवढं सगळं रागानं का लिहितोय? कारण या बेशिस्तीची किंमत ती करणारा भरत नाही. जुन्या माणसाच्या संगणकावर सगळं नीट असतं, ते कसं नीट झालं हे त्यालाही आठवत नसतं. किंमत भरतो नवा माणूस. दोनेक वर्षांपूर्वी मी एका कंपनीत काही महिन्यांच्या कामासाठी जात होतो (नाव सांगण्यात अर्थ नाही, अशा शंभर असतील). तिथे एक मुलगी नव्यानं रुजू झाली. लातूरकडची, पहिलीच नोकरी. तिला सांगितलं गेलं की ‘रीडमी बघून सेटअप करून घे, तासाभराचं काम आहे’. रीडमीत ‘पायथन ३’. तिनं शहाण्या मुलीसारखा सगळ्यात नवा पायथन उतरवला, ३.१२. आणि पुढे ‘डिस्टयुटिल्स नावाचं मॉड्यूल नाही’. बाकी सगळे ३.८ नाहीतर ३.१० वर. तिनं ज्याला ज्याला विचारलं त्यानं त्यानं तेच तीन शब्द ऐकवले. दोघांनी वर ‘नीट वाचून केलंस का?’ असंही विचारलं. चौथ्या दिवशी चहाच्या मशीनपाशी तिनं मला हळूच विचारलं, “सर, मला हे काम जमेल ना?”

तिनं एकही चूक केलेली नव्हती. सूचना पाळली होती. ३.१० टाकल्यावर दहा मिनिटांत सगळं चालू झालं. पण चार दिवस ती मुलगी स्वतःलाच नालायक समजत होती, कारण पाच अनुभवी लोकांनी एक ओळ लिहायचा कंटाळा केला होता. मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजीत प्रश्न विचारायला आधीच बिचकणारी किती मुलं या पहिल्या चार दिवसांतच मनातून खचत असतील? त्यांना वाटतं आपल्याला प्रोग्रॅमिंग येत नाही. खरं तर त्यांच्या पुढ्यात चुकीचं पंचांग ठेवलेलं असतं आणि मुहूर्त चुकला म्हणून बोलणी मात्र त्यांनाच.

म्हणून माझं म्हणणं आहे की नवा माणूस पहिल्या दिवशी अडला तर त्याला ‘नीट वाचलंस का’ असं विचारायच्या आधी प्रोजेक्टमध्ये ती एक ओळ आहे का ते बघा. नसेल तर चूक त्याची नाही, तुमची आहे. आणि जो ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणेल, त्याला शांतपणे विचारा, ‘कुठल्या आवृत्तीवर?’ शंभरातले बरेच जण तेव्हा कीबोर्डकडे हात नेऊन तपासायला लागतील. ज्याला स्वतःच्या दुभाष्याचं नाव ठाऊक नाही, त्याच्या ‘चालतंय’वर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

ब्लॉगवाल्या मित्रांपैकी लायब्ररी लिहिणारे माझ्यावर तुटून पडणार याची कल्पना आहे. जरूर पडा, प्रतिक्रियांची खिडकी उघडी आहे. फक्त येताना आपली आवृत्ती लिहून या.